मिडल स्कुलातील मुले व शिक्षकांचा आधार

राजूर हे यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्याचे गाव. कोळशाची खाण, चुन्याच्या भट्ट्या आणि सभोवार कपाशीची शेते. अशा ठिकाणी अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातांस काम मिळावयास वेळ लागत नाही. मूल पहिलीत घालताना आईबापांस जो उत्साह असतो तो पाचवीनंतर ओसरू लागतो. वेचणीचे दिवस आले की मुलगी धाकट्या भावंडास सांभाळण्याकरिता घरी राहते, आणि आठ दिवसांची रजा कायमची होऊन बसते. म्हणून पूर्वी वऱ्हाडात ज्यास मिडल स्कूल म्हणत, त्या वयाच्या मुलांविषयी आज विचार करू.

जोतीराव फुले यांचा जन्म 1827 सालचा. थोडेबहुत लिहिणे-वाचणे झाल्यावर त्यांचे वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून त्यांस शाळेतून काढले व मळ्याच्या कामास लाविले. मुलगा हुशार होता. पण हुशारी आपल्या पायांनी शाळेत परत जात नाही. गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा 1841 साली, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. ते दोघे त्यांचे पंतोजी नव्हते, हे आमच्या उपदेशक बंधूंनी ध्यानात घ्यावे. शिक्षकाने एकट्याने घरोघर फिरावे अशी अपेक्षा आपण का करावी?

पुढे 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली, व नंतर अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांकरिताही शाळा चालविल्या. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि 1855 साली तो ‘ज्ञानोदया’ने छापिला. त्या मुलीस कित्ता गिरविण्यापलीकडे काही शिकविले होते, हे उघड आहे. आपले दुःख आपल्या शब्दांत मांडू देणे हेही शिक्षकाचे काम होय. आणि या वयाची मुले तर घरी बोलत नाहीत, निदान वर्गात तरी बोलावीत.

आता कायद्याविषयी. 2009 सालच्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे लागते, व मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्याकरिता त्यास विशेष शिकवणी मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीस लहान पोरांत बसविण्याची लाज सोसावी लागत नाही. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणूनही सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. कामाकरिता गाव बदलणाऱ्या कुटुंबांस हे अवश्य सांगावे. मारणे व मानसिक छळ करणे यांसही त्या कायद्याने मनाई आहे. छडीवाचून विद्या येत नाही असे मानणारे वडील आमच्या मंडळ्यांत अजून पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

एखादे मूल लागोपाठ तीन दिवस वर्गात दिसले नाही, तर चौथ्या दिवशी शिक्षकाबरोबर उपदेशकाने किंवा मंडळीतील एखाद्या वडिलाने त्याच्या घरी जावे. दिवे लागल्यानंतर जावे. त्याआधी आईबाप शेतावरून परतलेले नसतात.