बिट, बाइट आणि इंटरनेटच्या वेगाचा हिशेब

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे आज घरोघरी इंटरनेट आहे. जाहिरातीत '५० एमबीपीएस' वाचून सेकंदाला ५० मेगाबाइटची फाइल उतरेल, असा पुष्कळांचा समज होतो. तो बरोबर नाही. व्याजदर दरमहा की दरसाल, हे आम्ही बँकेतील माणसे आधी पाहतो. इथेही एकक आधी पाहावे.

वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये.
८ बिट = १ बाइट
१००० बिट = १ किलोबिट
१००० किलोबिट = १ मेगाबिट
म्हणून वेगाला ८ ने भागावे.

उदाहरण १ : विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा टेलिफोनवरून ९.६ किलोबिटचा वेग मिळे. ९.६ ÷ ८ = १.२ किलोबाइट. १२० किलोबाइटच्या फोटोला १०० सेकंद लागत.

उदाहरण २ : २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ किलोबिट ठरला. २५६ ÷ ८ = ३२ किलोबाइट. तोच फोटो चार सेकंदांच्या आत.

उदाहरण ३ : ५० मेगाबिट ÷ ८ = ६.२५ मेगाबाइट. ७५० मेगाबाइटच्या व्याख्यानाला १५ सेकंद नव्हे, १२० सेकंद लागतील. प्रत्यक्षात थोडे अधिकच.

विद्यार्थी मित्रांनो, फाइल पाठवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगापेक्षा कमी असू शकतो. परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तोच वेग हिशेबात धरा आणि शेवटच्या तासावर विसंबू नका.