शेतांतील दंश व जखमा : जवळच्या माणसाचें कर्तव्य

लावणीची वेळ टळली म्हणजे मागाहून कितीहि खत घातलें तरी भाताचें पीक पुरें भरत नाहीं, हें आपणां सर्वांस अनुभवानें ठाऊक आहे. मनुष्यदेहावर अकस्मात् संकट येतें तेव्हांहि हाच न्याय लागू पडतो. पहिला अर्धा तास वांया गेला तर पुढें निष्णात डॉक्टर व उत्तम औषध असूनहि पुष्कळदा उपाय चालत नाहीं. हा पहिला अर्धा तास बांधावर जवळ उभा असलेल्या माणसाच्या हातीं असतो. त्यानें काय करावें, व विशेषतः काय करूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

या विषयाचा आपल्या भागाशीं निकटचा संबंध आहे. महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानें मुलें व धडधाकट माणसें दगावतांना पाहून त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून लक्षणांची बारकाईनें नोंद केली. त्यांचीं निरीक्षणें १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. या विषानें रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार पडतो व फुप्फुसांत पाणी भरतें. रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध त्यांनीं योजिलें, आणि पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें ३० दगावत, तें प्रमाण शेंकडा १ च्या जवळपास आलें. २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें.

याप्रमाणें औषध आपल्याच भागांत सिद्ध झालें. परंतु औषध दवाखान्यांत आणि रोगी वाडीवर, हें अंतर कोणी तोडावयाचें? तें शेजाऱ्यानेंच तोडलें पाहिजे.

विंचू पेंढ्याच्या उडवींत, गडग्याच्या दगडांत व सरपणांत लपून असतो. दंश झाल्यावर दरदरून घाम, वांत्या, तोंडास लाळ सुटणें व हातपाय थंडगार पडणें हीं धोक्याचीं चिन्हें होत. वेदना कमी म्हणून भय नाहीं असें समजूं नये. विष अंगांत भिनलेल्या रोग्यास दंशाच्या जागीं वेदना पुष्कळदा थोडीच असते. अशा वेळीं मंत्र, पाला किंवा कांदा चोळण्यांत वेळ न दवडितां रोग्यास, विशेषतः मुलास, तत्काळ दवाखान्यांत न्यावें. प्राझोसिनची गोळी घरच्याघरीं देऊं नये. तिनें रक्ताचा दाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालींच द्यावी लागते.

सर्पदंशाची गोष्ट याहून नाजूक आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडील चार मुख्य विषारी साप. मण्यार बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तेव्हां वेदना वा सूज जवळजवळ नसते. पहांटे पोट दुखूं लागतें व पापण्या मिटूं लागतात. दंशाच्या वर दोरी करकचून आवळणें, जखम कापणें, तोंडानें विष चोखणें हे उपाय लोक सद्भावनेनें करितात. परंतु दोरीनें रक्ताभिसरण तुटून हात किंवा पाय गमावण्याची पाळी येते व कापण्यानें रक्तस्राव वाढतो. दंश झालेल्यास धीर द्यावा, निजवावें, अंगठ्या, बांगड्या, तोडे काढावे, आणि मोडलेल्या हाडास जशी कामटी बांधतात तशी ती सैलसर बांधून तो अवयव स्थिर ठेवावा. रोग्यास चालवूं नये. डोंगरवाडीवरून डोलीनेंच उतरावें. दंशाची वेळ लक्षांत ठेवावी. साप मारून आणण्याच्या खटाटोपांत दुसरा मनुष्य दंश पावतो. दवाखान्यांतील लस या चारहि सापांच्या विषावर चालते.

मांत्रिकाच्या हातून माणसें बरीं होतात, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण साधें आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापहि प्रत्येक दंशांत पुरेसें विष सोडतोच असें नाहीं. जो मंत्राविनाहि वांचला असता त्याचें श्रेय मंत्रास मिळतें. ज्यास खरोखर विष चढलें त्याचा मात्र वेळ जातो.

कोयत्यानें किंवा मळणीयंत्रानें जखम होऊन रक्त वाहूं लागल्यास माती, राख वा हळद भरूं नये. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हातानें सतत दाबून धरावी. ती भिजल्यास न काढतां वर दुसरी घालावी. शुद्ध हरपली असून श्वास बंद असल्यास एकानें १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा व दुसऱ्यानें छातीच्या मधोमध दोन्ही हातांनीं, मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें दोन इंच खोल दाब द्यावा. नदींतून काढलेल्यास व सर्पविषानें श्वास थांबलेल्यास तोंडानें श्वासहि द्यावा लागतो. हें काम वाचून येत नाहीं; नांगर धरणें जसें हातानें शिकावें लागतें तसेंच हेंहि होय.

रुग्णवाहिका येईलच, मग आम्हीं कशास शिकावें, असें म्हणणाऱ्यानें २२ जुलै २०२१ चा दिवस आठवावा. त्या दिवशीं तळिये येथें दरड कोसळली, ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, आणि पुरानें वाटा बंद असल्यानें मदतपथकांस पोहोंचण्यास विलंब लागला. २८ जुलै २०१८ रोजीं पोलादपूरजवळ आंबेनळी घाटांत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरींत कोसळली, तेव्हां एकच प्रवासी वांचून रस्त्यापर्यंत चढून आला व त्याच्यामुळें वार्ता कळली. अशा डोंगरी मुलुखांत पहिला मदतनीस गांवकरीच असावयाचा. रस्त्यावरील अपघातांत मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीहि आतां निराधार आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या कलम १३४-अ अन्वयें सद्हेतूनें मदत करणाऱ्यावर दावा चालत नाहीं व त्यास नांव सांगण्याची सक्ती करितां येत नाहीं.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. पेरणीपूर्वीं प्रत्येक गांवच्या शेतकऱ्यांनीं एक दिवस काढून आरोग्यकेंद्राच्या डॉक्टरांकडून हे प्रयोग शिकून घ्यावे. त्यांत स्त्रियांस व घरगड्यांसहि बसवावें, कारण शेतांत बहुधा तेच जवळ असतात. सर्पविषावरील लस कोणत्या दवाखान्यांत मिळते याची आधीं चौकशी करावी, रात्रीं वाहन कोण काढील हें ठरवावें आणि वाडीवर डोली तयार ठेवावी. बियाण्याची तरतूद आपण पावसाआधीं करितों. माणसाच्या जिवाची तरतूदहि तेव्हांच केली पाहिजे.