दिसायला सारखे, अर्थाने निराळे

मराठीत आपण बहुतांशी जसे बोलतो तसे लिहितो. तरीही 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, हे वेलांटी-उकारावरच ठरते. इंग्रजीत अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. तेथे नुसता कान उपयोगी पडत नाही, अक्षरे पाहावी लागतात. नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, कर्जाचा कागद यांत वारंवार भेटणाऱ्या काही जोड्यांचाच आम्ही येथे विचार करीत आहोत.

पहिली जोडी 'कास्ट'ची. शेवटी 'ई' असेल तर अर्थ जात. हा शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला. त्याचा अर्थ वंश, कूळ. 'ई' नसलेला कास्ट जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला व त्याचा मूळ अर्थ फेकणे, टाकणे. मत टाकणे, जाळे टाकणे, साच्यात धातू ओतणे, नाटकातील नटसंच, मोडलेल्या हाडाचे प्लास्टर ही सारी या दुसऱ्याची कामे. दोघांचे काही नाते नाही. भारताच्या राज्यघटनेत दोघेही आहेत. अनुच्छेद ३४१ मध्ये अनुसूचित जातींसाठी 'ई' असलेला, तर अनुच्छेद १०० मध्ये मते समसमान पडल्यास अध्यक्षांनी द्यावयाचे 'कास्टिंग व्होट', म्हणजे निर्णायक मत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा जातीच्या दाखल्याचा उल्लेख आपल्या मुलांच्या अर्जांत येणारच, आणि नेमका तेथेच हा 'ई' गळालेला आढळतो. कारकून समजून घेतो हे खरे, पण ज्या शब्दावर आपला हक्क मागायचा तो तरी पुरता लिहावा असे आम्हांस वाटते.

'प्रिन्सिपल'ची गंमत अशी की दोन्हींचा उच्चार अगदी एकच. शेवटी 'पी ए एल' असेल तर अर्थ प्राचार्य, प्रमुख किंवा मुद्दल. 'पी एल ई' असेल तर तत्त्व. १९३५ साली बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, ते पद पहिल्या शब्दाचे. घटनेच्या चौथ्या भागातील मार्गदर्शक तत्त्वे दुसऱ्याची. प्राचार्य आपला 'पाल', म्हणजे मित्र, अशी एक जुनी युक्ती शाळेत सांगतात. मुद्दल मात्र कुणाचा मित्र नव्हे! समान हप्त्यांच्या कर्जात आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, म्हणून बँकेच्या उताऱ्यात या शब्दाचा रकाना शोधून मुद्दल किती फिटले ते पाहावे. जामीन राहणाऱ्यानेही पाहावे.

आपली परिस्थिती हलाखीची आहे हे सांगताना पुष्कळ विद्यार्थी 'इकॉनॉमिकल' लिहितात. त्याचा अर्थ काटकसरीचा, कमी खर्चाचा. हवा असतो तो 'इकॉनॉमिक', म्हणजे आर्थिक. दुर्बल घटकांच्या हितासंबंधीच्या अनुच्छेद ४६ मध्ये तोच आहे. घोटाळा होण्याचे कारणही आहे. दोन्हींचे क्रियाविशेषण 'इकॉनॉमिकली' असेच होते, आणि आर्थिकदृष्ट्या मागास या अर्थी तेच आपण सतत वाचतो.

'प्रिस्क्राइब' व 'प्रोस्क्राइब' यांत तर अर्थ उलटाच होतो. पहिला नेमून देणे, जसे डॉक्टर औषध लिहून देतात किंवा अर्ज विहित नमुन्यात मागवतात. दुसरा बंदी घालणे. जप्त झालेले पुस्तक दुसऱ्यात येते, नेमलेले क्रमिक पुस्तक पहिल्यात.

'पर्सनल' म्हणजे वैयक्तिक, 'पर्सोनेल' म्हणजे कर्मचारीवर्ग. दुसऱ्यात 'एन' दोनदा. 'सी आय एल'ने संपणारे कौन्सिल म्हणजे परिषद, 'एस ई एल'ने संपणारा काउन्सेल म्हणजे सल्ला, किंवा न्यायालयात बाजू मांडणारा वकील.

संगणक वा मोबाइल चुकीचे स्पेलिंग दाखवतो, म्हणून निर्धास्त राहू नये. या जोड्यांतील प्रत्येक शब्द आपापल्या जागी शुद्धच असल्याने यंत्र पुष्कळदा गप्प बसते.

राहिला 'ॲडव्हाइस'. 'सी' असेल तर नाम, सल्ला. 'एस' असेल तर क्रियापद, सल्ला देणे, आणि उच्चार मात्र 'ॲडव्हाइझ'. येथे कान मदतीला येतो. 'प्रॅक्टिस'लाही ब्रिटिश पद्धतीत हाच नियम, नामाला 'सी' व क्रियापदाला 'एस', पण उच्चार एकच. म्हणून अडल्यास त्या जागी 'ॲडव्हाइस' घालून म्हणून पाहावे. अमेरिकन पद्धतीत 'प्रॅक्टिस'ला दोन्हीकडे 'सी'च लिहितात.