जुन्या मार्टिन गिटारचे मोल

जुन्या अकूस्टिक गिटारचे मोल केवळ वयावर ठरत नाही. ती कोणत्या साली घडली, कोणत्या लाकडाची आहे आणि मूळ रूपात कितपत टिकली, यांवर ते ठरते. पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावी बनणारी मार्टिन ‘डी-२८’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण.

मार्टिनच्या गिटारींना १८९८ पासून अनुक्रमांक आहेत. मधल्या गोल छिद्रातून आत पाहिले की नेकच्या ठोकळ्यावर तो ठसवलेला दिसतो. दर वर्षाचा शेवटचा क्रमांक कंपनीने जाहीर केलेला असल्यामुळे साल लगेच निघते. विक्रेत्याच्या तोंडी सालावर भाव ठरवणे म्हणजे हमखास नुकसान.

साल महत्त्वाचे, कारण घडण बदलत गेली. १९४४ पर्यंत वरच्या फळीखालचे ब्रेस, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, कोरून हलके केलेले असत. कडेची हेरिंगबोन नक्षी १९४७ मध्ये थांबली. पाठ आणि बाजूंचे ब्राझिलियन रोझवुड १९६९ मध्ये संपले आणि त्याजागी भारतीय शिसवी आली. शिसवीचा नाद मुळीच कमी प्रतीचा नाही. तरीही बाजार ब्राझिलियन लाकडाला कितीतरी अधिक पैसे मोजतो. नुसत्या हेरिंगबोनवर मात्र भुलू नये. १९७६ पासूनच्या ‘एचडी-२८’ या नंतरच्या मॉडेलवरही ती नक्षी आहे.

खरा फटका बसतो तो नेकमुळे. १९८५ पूर्वीच्या मार्टिनमध्ये चावीने फिरवून नेक सरळ करण्याची सोय नाही. पोलादी तारांच्या सततच्या ताणाने वर्षानुवर्षांत नेकचा कोन बदलतो आणि तारा उंच जातात. बाराव्या फ्रेटवर जाड तार ३ मिलिमीटरहून वर असेल आणि सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) आधीच घासून बुटके केलेले असेल, तर नेक उतरवून पुन्हा बसवावा लागणार. हे काम खर्चाचे आहे आणि मोजक्याच कारागिरांना साधते. चमकदार फोटोंत यातले काहीच दिसत नाही. म्हणून बाराव्या फ्रेटचा आणि सॅडलचा बाजूने घेतलेला फोटो आवर्जून मागावा आणि दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करावा.

नीट सांधलेली चीर फारशी भीतिदायक नसते. नव्याने केलेले पॉलिश मात्र किंमत साधारण निम्म्यावर आणते. काळ्या पडलेल्या, ओरखडे उठलेल्या मूळ लॅकरचीच किंमत असते. ते ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा. जुने ट्यूनर बदलले असतील तर मूळ संच मागून घ्यावा. ब्रिज उचललेला आहे का, आतली ब्रिजप्लेट झिजली आहे का, हे छोटा आरसा आणि दिवा आत घालून पाहावे.

ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. अशी गिटार परदेशातून मुंबई-पुण्यात आणायची असेल, तर परवान्यांची कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.