कोष्टकातील बेरीज कमी भरते तेव्हा
एक्सेलमधील हिशेबाची बेरीज कमी भरू लागल्यास ग्रामसेवकांनी सूत्रावर संशय घेण्यापूर्वी नोंदी तपासाव्यात. सोयाबीनच्या रकान्यात १२, १५ आणि ‘९ पोती’ असे लिहिल्यास ‘सम’ हे सूत्र तिसरी नोंद मजकूर समजून वगळते व उत्तर २७ देते. शेतकऱ्याची नऊ पोती कागदावरून नाहीशी होतात आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. म्हणूनच हा दोष फार फसवा होय. अंक सामान्यतः चौकटीत उजवीकडे राहतात, मजकूर डावीकडे. ‘पोती’ हा शब्द मथळ्यात लिहावा, चौकटीत केवळ अंक भरावा.

नोंद बदलूनही उत्तर तेच राहिल्यास गणना हस्तचालित झाली असण्याचा संभव असतो. ‘एफ ९’ ही कळ दाबावी व ‘फॉर्म्युलाज’ विभागात गणना पुन्हा स्वयंचलित करावी.