दरी म्हणजे खड्डा नव्हे!

मुलांनो, आपल्या बहरीनमधला सर्वांत उंच डोंगर कोणता? जबल दुखान. अरबीत जबल म्हणजे डोंगर आणि दुखान म्हणजे धूर. उंची अवघी १३४ मीटर! त्यामुळे मागच्या हिवाळ्यात ओमानच्या जबल शम्सवर कड्यावरून खाली डोकावताना माझी नऊ वर्षांची मुलगी ओरडली, "बाबा, केवढा मोठा खड्डा!" मला हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले. बिचारीने पाहिले होते ते आजोळच्या रस्त्यावरचे खड्डे. दुसरा शब्द येणार कुठून?

तो "खड्डा" सुमारे एक हजार मीटर खोल आहे. त्याचे नाव वादी अन-नखर. अरबीत वादी म्हणजे दरी किंवा पाऊस पडला तरच वाहणारी नदी. आपली वाडी म्हणजे छोटी वस्ती. गफलत करू नका.

अल खितैम गावापासून एक पाऊलवाट कड्याच्या अंगाने अस-साब या ओसाड गावापर्यंत जाते. जाऊन-येऊन चार-पाच तास लागतात. खडकांवर पिवळे, पांढरे, लाल पट्टे रंगवलेले आहेत, त्यामुळे वाट चुकत नाही. वर कडा, खाली कडा आणि मधल्या अरुंद सपाटीवरून आपण चालायचे. अशा सपाटीला सह्याद्रीत "पदर" म्हणतात.

"आजीच्या साडीचा?" मुलीने विचारले.

होय, तोच शब्द!

मग चालता चालता आमचा वर्गच भरला. दोन डोंगरांमधली खोल जागा ती दरी. नदीकाठचा मोठा, रुंद प्रदेश ते खोरे, जसे कृष्णेचे खोरे. अरुंद, अंधारी ती घळ, जशी महाडजवळची शिवथरघळ. डोंगर ओलांडायची चिंचोळी वाट ती खिंड. १६६० साली बाजीप्रभू जिथे लढले ती पावनखिंड तुम्हाला माहीत आहेच. खडकही निराळा बरे का! सह्याद्री लाव्हारसाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; इथला चुनखडक उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. समुद्राचा तळ इतक्या उंचीवर, हे मुलीला काही केल्या पटेना.

निघताना मी नियम केला होता : तिघांत सहा लिटर पाणी, आणि त्यातले तीन लिटर संपले की जिथे असू तिथून मागे. (इंजिनिअरला नियम करायला आवडतात.) एका वळणावर समोर अस-साब दिसले. पुढे झुकलेल्या कड्याखाली दगडी घरे, आणि खाली पायऱ्यापायऱ्यांची जुनी शेते. जेमतेम वीस मिनिटांची वाट उरली असेल. इतक्या लांब आलोच आहोत, म्हणून मी पुढे पाऊल टाकले.

मुलगी मात्र बाटल्या मोजत उभी. "बाबा, तीन लिटर संपलं."

"अगं, गाव समोरच आहे."

"पण नियम तुम्हीच केला होता ना?"

सौ. काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. आम्ही मागे फिरलो. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा बाटलीत घोटभरच पाणी उरले होते.

गृहपाठ : आजी-आजोबांना फोन करून विचारा, आपल्या गावाजवळची दरी, खिंड किंवा घळ कोणती? नाव आणि चित्र पुढच्या शुक्रवारी वर्गात आणा. "खड्डा" चालणार नाही!