उडत्या पक्ष्याच्या फोटोत थंडी दाखवायची? ही घ्या कृती

नुसत्या पक्ष्याकडे बघून थंडी सहसा कळत नाही. थंडी दिसते ती त्याच्या भोवतालच्या हवेत: धुक्यात, जमिनीलगत अडकलेल्या चुलीच्या धुरात, निळसर डोंगरांत. म्हणून या कृतीत पक्षी लहान आणि हवा मोठी. चला, कामथडी गावाच्या शिवाराच्या कडेला उभे राहून एकेक पायरी करू.

लागणारे साहित्य: सुमारे ३०० मिलिमीटरपर्यंत झूम होणारी लेन्स, कॅमेरा, लेन्सचे हूड, सुती फडके, झिपची मोठी प्लास्टिक पिशवी, कानटोपी.

आदल्या संध्याकाळी

१. बगळ्यांची वाट हेरा. सूर्य मावळताना गायबगळ्यांचे थवे झोपायच्या झाडाकडे कुठून जातात ते बघा. सकाळी ते बहुधा त्याच बाजूने परत फिरतात. *जपा:* झाडाच्या बुंध्याशी जाऊ नका, थवा दुसरीकडे बसेल.

२. उभे राहायची जागा ठरवा. पूर्वेला पुरंदर, पश्चिमेला राजगड-तोरण्याची रांग. सकाळी आग्नेयेकडून येणारे ऊन तुमच्या समोर, पण थोडे बाजूला राहील असे उभे राहा. तिरप्या उजेडात धुके आणि धूर उजळून निघतात. *जपा:* सूर्य पाठीशी घेतलात तर पक्षी स्वच्छ दिसेल, धुके मात्र जवळजवळ नाहीसे होईल.

३. शेतमालकाला विचारून ठेवा. *जपा:* दवाने भिजलेल्या ज्वारीत किंवा हरभऱ्यात पाय टाकू नका, बांधावरच थांबा.

रात्री, घरात

४. फोटो ‘रॉ’मध्ये साठवायची सोय चालू करा. *जपा:* नुसत्या जेपीजीत नंतर रंग सुधारताना आकाशात पट्टे उमटतात.

५. मोडची चकती शटर प्रायॉरिटीवर न्या. ती खूण बहुतेक कॅमेऱ्यांवर ‘एस’, कॅननवर ‘टीव्ही’.

६. शटर १/८०० वर ठेवा. बगळ्याचे पंख संथ चालतात, पहाटेच्या कमी उजेडात एवढे चालते. *जपा:* पाकोळीसाठी हा वेग अपुरा आहे, तिच्या मागे आत्ता लागू नका.

७. आयएसओ ऑटोवर टाकून वरची मर्यादा ६४०० करा. *जपा:* ही मर्यादा गाठल्यावरही फोटो काळा येत असेल तर शटर १/५०० वर आणा.

८. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ४५०० केल्व्हिनवर ठेवा. सावल्या निळसर येतील, उन्हाची कड सोनेरी राहील. *जपा:* ३५०० च्या खाली गेलात तर सगळा फोटो शाईत बुडाल्यासारखा दिसेल.

९. फोकस सतत बदलत राहणाऱ्या मोडवर लावा: निकॉन-सोनीवर ‘एएफ-सी’, कॅननवर ‘सर्वो’.

१०. बर्स्ट चालू करा.

पहाटे

११. साडेसहाला जागेवर हजर राहा. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो आणि डोंगराआडून वर यायला आणखी थोडा वेळ घेतो. तेवढ्यात तुमची तयारी होते.

१२. हूड लावा. त्याने काचेवर दव कमी बसते. *जपा:* तोंडाने फुंकर मारून काच पुसायला जाऊ नका, श्वासाची वाफच तिच्यावर बसेल. फडके वापरा.

१३. पक्षी नसतानाच एक फोटो काढा. यात थंडी दिसते का? धुराचा आडवा पट्टा, नदीवरची वाफ, एकामागे एक फिकट होत जाणारे डोंगर, पानगळ झालेली सावर, यांपैकी किमान एक गोष्ट चौकटीत हवी. *जपा:* नुसते मोकळे आकाश घेतलेत तर ऋतू कळणार नाही. विजेच्या तारा आणि महामार्गाचे फलकही चौकटीबाहेर ठेवा.

१४. धुके दाट असेल तर एक्स्पोजर +०.७ करा. नाहीतर कॅमेरा पांढऱ्या धुक्याला मळकट राखाडी करतो. *जपा:* मागे काळा डोंगर आणि पुढे पांढरा बगळा असेल तर उलट करा, –०.७ ठेवा. पंख पडद्यावर लुकलुकू लागले तर त्यांचा तपशील गेला म्हणून समजा.

१५. बगळे जिथून जाणार तेवढ्याच अंतरावरच्या झाडावर फोकस करून ठेवा. *जपा:* धुक्यात कॅमेरा फोकस शोधत पुढे-मागे धावतो आणि तेवढ्यात थवा निघून जातो. आधी केलेला फोकस इथे वाचवतो.

१६. थवा लांब असतानाच कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायला लागा. कंबरेतून वळा, पाय रोवलेले ठेवा.

१७. थव्याच्या पुढे मोकळी जागा सोडा. पक्षी चौकटीच्या एक अष्टमांशाएवढा दिसला तरी पुरे. *जपा:* झूम करून पक्ष्याने चौकट भरायचा मोह आवरा, थंडी तिथेच हातची जाते.

१८. थवा धुराच्या पट्ट्यावर किंवा उजळलेल्या धुक्यावर आला की बटण दाबा, दोन-तीन सेकंदच. *जपा:* थवा उठावा म्हणून दगड मारू नका, टाळ्या वाजवू नका. थंडीत पक्ष्यांना अंगातली ऊब जपायची असते.

१९. ऊन पसरले की शटर १/१६०० करा. आता घार, वेडा राघू, धोबी असे चपळ पक्षीही घेता येतील.

२०. धूर विरला आणि डोंगर स्वच्छ दिसू लागले की थांबा. *जपा:* त्यानंतरचे फोटो सुंदर येतील, पण थंडीचे येणार नाहीत.

परतल्यावर

२१. उबदार खोलीत शिरण्याआधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा. *जपा:* गार काचेला घरातली दमट हवा लागली की तिच्यावर पाणी धरते. अर्धा तास पिशवी उघडू नका.

२२. फोटो निवडा. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेलेच ठेवा. *जपा:* अर्ध्यावर आलेले पंख अनेकदा नुसत्या रेघेसारखे दिसतात.

२३. रंगाचे तापमान थोडे थोडे हलवून बघा. बगळ्याचे अंग पांढरेच वाटले पाहिजे. तेही निळे दिसायला लागले की एक पाऊल मागे या.

२४. काँट्रास्ट किंचित कमी करा. *जपा:* ‘डीहेझ’ला हात लावू नका. पहाटेपासून जपलेले धुके ते एका क्षणात पुसून टाकते.

२५. फोटो घरातल्या कोणालातरी दाखवा आणि एवढेच विचारा, “काय वाटतं?” उत्तर ‘बगळे’ आले तर आणखी मोकळी जागा ठेवणारा दुसरा फोटो निवडा. ‘बाई, काय गारठा!’ आले तर तोच फोटो छापायला द्या, आणि छपाईवाल्याला रंग आपोआप सुधारू नका असे आवर्जून सांगा. नाहीतर तो निळा रंग काढून टाकेल आणि तुमची सकाळ उन्हाळ्याची होईल.